१५ ऑक्टोबर १९५१ : ल्युसी घरोघरी आली

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १५ ऑक्टोबर १९५१ रोजी ‘आय लव्ह ल्युसी’ ही विनोदी मालिका सुरू झाली. ल्युसी रंगवणाऱ्या, चित्रपटांत अनेक वर्षे घालवलेल्या ल्युसिल बॉल तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या. प्रेक्षकांसमोर रंगणारा प्रयोग तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर टिपला गेला. त्या काळी बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि हवेत विरून जात. फिल्ममुळे हा विनोद टिकला, पुनःप्रक्षेपणाची वाट रुळली. म्हणूनच चॉकलेटच्या कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याचा वेग वाढताच तोंडात, टोपीत चॉकलेटे कोंबणारी ल्युसी आजही तितकीच हसवते.

नवऱ्याला घाबरणारी, गोंधळ घालणारी गृहिणी रंगवण्यात कसले आले मोठेपण, असा आक्षेप घेतला जातो. तंत्र आणि व्यवहाराचे श्रेय पती डेसी आर्नाझ यांचे, असेही म्हणतात. त्यांचा वाटा मोठा होताच. पण १९६२ मध्ये दोघांच्या डेसिलू स्टुडिओतला त्यांचा हिस्सा विकत घेऊन स्टुडिओची धुरा बॉल यांनीच उचलली. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका याच स्टुडिओत घडली. फजितीचा अभिनय करायला विलक्षण शिस्त लागते. विनोदी अभिनेत्रीला दुय्यम लेखणाऱ्यांना ही कारकीर्द पुरेसे उत्तर आहे.