मण्याचा रंग नव्हे, भोक बघा

मागच्या पानगळीत राणीसावरगावला घरी गेले, तेव्हा गळ्यात मी स्वतः ओवलेली माळ होती. तांबडे अकीक, मधाच्या रंगाचे काही मणी, मध्ये तपकिरी जॅस्पर. आईने हात लावून विचारलं, "पांढरीत सापडले का गं?"

नाही, हे खंबायतचे, विकत घेतलेले. पण तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. नुसतं बघून मणी जुना की नवा, इथला की बाहेरचा, हे सांगता येतं का?

आधी दगड समजून घ्या. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत सिलिका साचत जाऊन अकीक तयार झाला. म्हणून मराठवाड्यात नदीपात्रात असे गोटे मिळतात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचला गाड्यांतून भरपूर अकीक जात असल्याची नोंद आहे. भोकरदन, तेर इथेही मणी सापडलेत.

आता माझी चूक सांगते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी मण्यांचे रंगावरून गट पाडले : गडद तांबडे एका खाणीचे, फिके दुसऱ्या. तक्ते छान झाले होते. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "हा रंग दगडाचा की भट्टीचा?" दोन महिन्यांचं काम पाण्यात गेलं.

कारण साधं आहे. दगडातल्या पिवळसर लोहसंयुगातलं पाणी तापवल्यावर निघून जातं आणि तांबडं हेमेटाइट उरतं. खंबायतचे कारागीर दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. म्हणजे एकाच खाणीतून मधाचा रंगही मिळतो आणि पळसफुलाचाही. रंग तुम्हाला कारागिराबद्दल सांगतो, खाणीबद्दल फारच कमी.

मग बघायचं काय? भोक. अकीकाची कठीणता मोजपट्टीवर जवळपास ७. लोखंडी टोक त्यावर टिकत नाही. म्हणून भोक पाडणं हेच खरं कसब. हडप्पाकालीन दगडी टोकाने पाडलेलं भोक आतून गुळगुळीत, हिऱ्याच्या टोकाने पाडलेल्या भोकात ठळक गोल चरे. भोकात सिलिकॉन भरून ठसा काढायचा आणि तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मणी फोडावा लागत नाही.

तरीही भोक अवजार सांगतं, साल सांगत नाही. साल सांगतो तो थर, ज्यात मणी पडला होता. म्हणून पांढरीवर मणी दिसला तर खिशात घालू नका. जागेवरच फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. उचललेला मणी माळेत शोभतो, पण प्रबंधात मुका होतो.

आईला एवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग नवेच बरे. निदान कुठून आणले ते तरी माहीत आहे." संशोधनाची पहिली अट यापेक्षा सोप्या शब्दांत मला अजून सांगता आलेली नाही.