वाटाण्याच्या वेलाचा चित्रपट

चित्रपटाचें शिक्षण घेणारा एक तरुण विद्यार्थी कांहीं दिवसांपूर्वीं आपल्या पहिल्या लघुपटाची योजना घेऊन मजकडे आला होता. पांच मिनिटांच्या त्या चित्रपटांत एक आगगाडी, मुसळधार पाऊस, एक म्हातारी आणि तिच्या स्वप्नांतील समुद्र इतका सरंजाम त्यानें योजिला होता. कथा वाईट नव्हती. परंतु प्रकाश कोठून येणार, कॅमेरा किती दिवस हातीं असणार, आणि चित्रपट शेवटीं कोणास दाखवावयाचा, या तीन प्रश्नांना त्याच्या वहींत जागा नव्हती. "तें मग पाहूं," असें तो म्हणाला. उत्तरादाखल मीं त्यास कै. दादासाहेब फाळके यांच्या एका मिनिटाच्या चित्रपटाची हकीकत सांगितली. ती सांगत असतां माझ्या ध्यानांत आलें कीं, जी हकीकत मी वर्षानुवर्षें सांगत आलों, तिचा हिशेब मीं स्वतः कधींच मांडून पाहिला नव्हता.

दादासाहेबांचें नांव 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाशीं जोडलें गेलें आहे, आणि तें योग्यच आहे. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत तो लोकांपुढें आला आणि एका मोठ्या धंद्याचा पाया पडला. त्याच्या आदल्या वर्षीं तयार झालेल्या 'अंकुराची वाढ' या चिमुकल्या फितीचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यांत आटोपला जातो. ती फीत आज उपलब्ध नाहीं, तेव्हां त्याबद्दल कोणास दोष देण्यांत अर्थ नाहीं. तथापि 'हरिश्चंद्र' हें जर कारागिराचें काम असेल, तर 'अंकुराची वाढ' हें विद्यार्थ्याचें काम आहे. आणि फाळके शिकले कसे हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें या दुसऱ्या कामाकडेच वळलें पाहिजे.

विद्यार्थी खरा, पण वय बेचाळीस वर्षांचें! १८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें जन्मलेल्या या शास्त्रीपुत्रानें १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत प्रवेश केला. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत चित्रकला व छायाचित्रण, रतलामला छपाईचे ठसे तयार करण्याची विद्या, गोध्रा येथें फोटोग्राफीचा व्यवसाय, मग पुराणवस्तु-संशोधन खात्याची नोकरी, ती सोडून लोणावळ्यास व नंतर दादरला छापखाना, १९०९ सालीं रंगीत छपाईच्या यंत्रांसाठीं जर्मनीची वारी. आणि शेवटीं भागीदारांशीं न पटल्यामुळें तो छापखानाही हातचा गेला. मध्यंतरीं आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं करून 'प्रोफेसर केळफा' या नांवानें त्यांनीं जादूचे प्रयोगही केले. संसारी माणसाच्या दृष्टीनें ही सारी धरसोडच होय. परंतु यांतील एकही विद्या पुढें वायां गेली नाहीं. अंधाऱ्या खोलींत रसायनांशीं खेळण्याची संवय, किती प्रकाश पडला असतां कांच किती काळवंडते याचा हातांत मुरलेला अंदाज, आणि प्रेक्षकाची नजर नेमक्या क्षणीं कोठें गुंतवावी हें जादूगाराचें ज्ञान, अशी शिदोरी घेऊन हा प्रौढ विद्यार्थी नव्या शाळेंत आला. त्या शाळेस इमारत नव्हती व शिक्षकही नव्हते, एवढेंच काय तें वैगुण्य!

मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहतांना आपल्या डोळ्यांपुढें राम-कृष्ण उभे राहिले, ही गोष्ट त्यांनीं पुढें १९१७ सालीं 'नवयुग' मासिकांत स्वतःच लिहिली आहे आणि ती सर्वांस ठाऊक आहे. त्या साक्षात्कारानंतरचे महिने मला अधिक मोलाचे वाटतात. रोज चार-पांच तास चित्रपट पाहावे, विलायतेहून यंत्रांचीं सूचिपत्रें व पुस्तकें मागवावीं, एक लहानसें यंत्र व फितींचे तुकडे विकत घेऊन रात्रीं मेणबत्तीच्या उजेडानें भिंगांतून भिंतीवर चित्रें पाडावीं, असा क्रम सुरू झाला. झोपेची आबाळ व डोळ्यांवरील ताण यांचा परिणाम असा झाला कीं, दृष्टि जवळजवळ गेली. नेत्रवैद्याचे उपचार आणि तीन-चार चष्मे यांच्या साह्यानें ती परत आली. पैसा नव्हता, तेव्हां विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, आणि १९१२ च्या फेब्रुवारींत दादासाहेब बोटीनें लंडनास निघाले.

तेथें ते 'बायस्कोप' या साप्ताहिकाच्या कचेरींत शिरले. त्या पत्राचे ते हिंदुस्थानांतील वर्गणीदार होते, आणि परक्या शहरांत तेवढीच त्यांची ओळख! संपादकानें प्रथम त्यांना या धंद्यांत न पडण्याचाच सल्ला दिला. परंतु हा गृहस्थ हटत नाहीं असें पाहून त्यानें वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशीं गांठ घालून दिली. हेपवर्थनें आपला कारखाना त्यांना मोकळेपणानें दाखविला. एप्रिलच्या प्रारंभीं दादासाहेब मुंबईस परत आले. जाण्यायेण्याचे आठवडे वजा केले तर प्रत्यक्ष शिक्षण किती थोड्या दिवसांचें झालें असेल याचा अंदाज वाचकांनींच करावा. घरीं आधींच पायाभरणी झाली होती म्हणूनच तेवढे दिवस पुरले.

विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व इतर यंत्रसामग्री मे महिन्यांत आली. दादरच्या मथुरा भवनांत बिऱ्हाड होतें. तेथेंच आवारांत कांचेची एक खोली बांधली आणि अंधारी खोली सिद्ध केली. त्या काळीं कच्ची फीत कडेचीं छिद्रें न पाडतांच येत असे. तीं छिद्रें घरीं अंधारांत बसून पाडावीं लागत. हें काम सरस्वतीबाई शिकल्या, आणि फीत धुण्याचें कामही शिकल्या. चित्रपटाच्या इतिहासांत ज्यांना 'तंत्रज्ञ' ही पदवी मिळते त्यांच्या मालिकेंत या बाईंचें नांव फार वर आलें पाहिजे, असें मला वाटतें.

आतां अडचण उरली ती भांडवलाची. गहाण टाकण्यासारखें थोडेंच शिल्लक होतें, आणि सावकाराचा चित्रपट या वस्तूवर विश्वास नव्हता. त्याला कांहीं तरी करून दाखविणें भाग होतें. सोपा मार्ग डोळ्यांपुढें होता. त्याच मे महिन्याच्या १८ तारखेस दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' कॉरोनेशनमध्यें दाखविला गेला होता. रंगभूमीवरील नाटकाचेंच तें चित्रण होतें. एखाद्या नाटकमंडळीस चार पैसे देऊन एक प्रवेश टिपून घेणें फाळक्यांनाही अशक्य नव्हतें. परंतु नाटक पाहण्यास नाटकगृह होतेंच, स्थिर चित्रें दाखविण्यास जादूचा कंदील होता. या दोहोंनाही जें साधत नाहीं, आणि तरीही जें खोटें म्हणतां येणार नाहीं, असें कांहीं हवें होतें. कुंडींत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा मांडला. बीज फुटावें, कोंब यावा, त्याचा वेल व्हावा, आणि हें सारें एका मिनिटांत! नटांचा पगार नाहीं, पोशाख नाहीं, देखावे नाहींत. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं पण वेळ आहे अशा माणसानें निवडावा असाच हा विषय होता.

रोज एक याप्रमाणें महिनाभर चित्रें घेतलीं, आणि मिनिटाहून थोडा अधिक चालणारा चित्रपट झाला, अशी कथा प्रसिद्ध आहे. मीही ती तशीच सांगितली. त्यावर त्या विद्यार्थ्यानें शिसपेन्सिल काढून विचारलें, "तीस दिवसांचीं तीस चित्रें, मग मिनिट कसें भरलें?" मी निरुत्तर झालों. मूकपटाच्या काळीं सेकंदास सुमारें सोळा चित्रें चालत. तीस चित्रें दोन सेकंदांतच संपून जातील. प्रेक्षकाची पापणी लवली तर वेल उगवून गेलेला असेल. उलट प्रत्येक चित्र दोन-दोन सेकंद पडद्यावर थांबविलें, तर मिनिट भरेल खरें, पण मग ती कंदिलाचीच चित्रें झालीं, वाढ दिसणार नाहीं. मिनिटभराची खरी गति हवी असेल तर ९६० चित्रें पाहिजेत, म्हणजे सुमारें साठ फूट फीत. तीस दिवसांत तीं वांटलीं तर रोजचीं बत्तीस. अहोरात्र काम चाललें तर दर पाऊण तासास एक! कांचेच्या खोलींत केवळ दिवसाच्या उजेडांत काम केलें असें धरलें, तर बारा तासांत बत्तीस, म्हणजे दर बावीस-तेवीस मिनिटांस एक. परंतु वेल कांहीं रात्रीं झोपत नाहीं. सायंकाळचें शेवटचें चित्र व सकाळचें पहिलें चित्र यांत तो वाढलेला असणार, आणि पडद्यावर दर दोन सेकंदांनीं एक उडी मारतांना दिसणार.

कथा व हिशेब यांत विरोध आला असतां मी हिशेबाच्या बाजूस जातों. मिनिट खरें असेल तर 'रोज एक' हें खरें असूं शकत नाहीं. 'रोज एक' ही लोकांच्या तोंडीं सोपी झालेली गोष्ट होय, आणि तिनें दादासाहेबांवर थोडा अन्यायच केला आहे. रोज एकदां जाऊन कळ फिरविणें हा छंद झाला. तासातासाच्या पाळीनें महिनाभर एका कुंडीशीं बांधून घेणें हें निराळेंच काम आहे, आणि तें एकट्या माणसाचें नव्हे, घराचें काम आहे.

या योजनेंत आणखी एक बारकावा आहे. महिनाभर कॅमेरा केसभरही हलतां कामा नये. हलला कीं वेल जागचा उडतो व सारा खेळ बिघडतो. म्हणजे पहिल्या दिवशीं, कुंडींत नुसती माती असतांना, शेवटच्या दिवशीं वेल कोठवर चढेल हें ठरवून तेवढी रिकामी जागा चित्रांत राखून ठेवावी लागते. वाटाणा मातीबाहेर डोकें काढण्यास आठवडाभर घेतो. आरंभापासून सारख्याच अंतरानें चित्रें घेतलीं तर मिनिटांतील पाव भाग प्रेक्षकाला मातीच पाहावी लागेल. तेव्हां कोठें चित्रें विरळ घ्यावीं आणि कोठें दाट, हें आधींच ठरविणें प्राप्त होतें. शिवाय घरांतला एकुलता एक कॅमेरा, ज्याच्यासाठीं भविष्याची तरतूद गहाण पडली, तो एवढे दिवस दुसऱ्या कोणत्याही कामास मिळणार नाहीं. आणि शेवटीं फीत धुतल्यावर कांहींच उमटलेलें नसेल तर? वेल पुन्हां पेरतां येईल, पण तोंवर घर चालवावयाचें कशावर, हा प्रश्न उरेलच.

वनस्पतींच्या वाढीचें असें चित्रण ही फाळक्यांची मूळ कल्पना नव्हती, हें येथें सांगितलें पाहिजे. जर्मनींत लाइप्झिग येथें वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच तसे प्रयोग केले होते, आणि इंग्लंडांत पर्सी स्मिथ यांचा फुलें उमलण्याचा चित्रपट १९१० सालीं लोकांपुढें आला होता. अभिमानापोटीं आपण नसतीं आद्यत्वें चिकटवूं नयेत. फेफर यांना वनस्पति समजून घ्यावयाची होती, स्मिथ यांना प्रेक्षकांचें मन रिझवावयाचें होतें. दादासाहेबांना कर्ज काढावयाचें होतें. एकाच युक्तीचे हे तीन उपयोग आहेत, आणि तिसरा कमी प्रतीचा आहे असें मला वाटत नाहीं.

त्यांचा प्रेक्षकवर्गही त्यांनीं आधींच ठरविलेला होता. फीत तयार झाली तेव्हां ती तिकिटें लावून दाखविली नाहीं. निवडक गृहस्थांना बोलावून दाखविली. ज्या कुंडीकडे कोणीं ढुंकूनही पाहिलें नसतें, तींतील वेल त्या मंडळींच्या डोळ्यांदेखत वर चढला. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनीं कर्ज देऊं केलें. साठ फुटांच्या त्या फितीवर पुढील ३,७०० फुटांचा 'हरिश्चंद्र' उभा राहिला. कर्जास तारण मात्र वेलाचें चालण्यासारखें नव्हतें. त्यासाठीं सरस्वतीबाईंनीं आपले दागिने काढून दिले.