अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवरील पांढरा गंज

सुझुकीने १९८३ मध्ये ‘आरजी २५० गामा’ ही अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची मोटारसायकल बाजारात आणली. पुढे वेगवान गाड्यांत ही फ्रेम रूढ झाली. या धातूला तांबडा गंज चढत नाही. हवेत त्यावर तयार होणारा ऑक्साइडचा पातळ थरच त्याचे रक्षण करतो. खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड मात्र हा थर भेदते. म्हणूनच गोव्याच्या किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या फ्रेमवर पांढरी भुकटी धरते आणि लॅकरखाली दोऱ्यासारख्या रेषा पसरतात. हे बहुधा दिसण्यापुरतेच असते. खरी काळजी पोलादी बोल्टांभोवती आणि वेल्डिंगच्या सांध्यांशी घ्यावी लागते. दोन भिन्न धातूंमध्ये खारट ओल साचली की झीज अ‍ॅल्युमिनियमचीच होते.

फ्रेम सौम्य साबणाने धुऊन, सुटलेले लॅकर काढून नायलॉनच्या घासणीने घासावी. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, त्याचे कण धातूत रुतून बसतात. कॉस्टिक सोडा असलेली द्रावणे तर धातूच विरघळवतात. कोरड्या फ्रेमवर नवे लॅकर द्यावे. सांध्याजवळ खोल खड्डे किंवा चीर आढळल्यास पुट्टी भरून झाकणे हा स्वतःशीच केलेला दगा होय. अशी फ्रेम जाणकाराकडून तपासून घेईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.