इंग्रजी शब्दांची फोड : अवयव आणि रूपिमे

लांब इंग्रजी शब्दाची फोड दोन प्रकारे होते. उच्चारानुसार पडतात ते अवयव, म्हणजेच सिलॅबल. अर्थानुसार पडतात ती रूपिमे, म्हणजे उपसर्ग, मूळ शब्द व प्रत्यय. हे दोन्ही छेद एकाच जागी पडतील असे नाही, आणि शिकणाऱ्याची गल्लत नेमकी इथे होते.

‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. रोमन लिपीत त्याची अक्षरे २८. चर्चला राज्याचे अधिकृत चर्च म्हणून मान्यता देणे म्हणजे ‘एस्टॅब्लिश’. ‘डिस’ लागला की ती मान्यता काढून घेणे. ‘मेंट’मुळे क्रियापदाचे नाम होते, ‘एरियन’मुळे त्या बाजूचा माणूस, ‘इझम’मुळे त्याचे मत. ‘अँटि’ विरोध करतो तो या साऱ्या मताला, एकट्या ‘एस्टॅब्लिश’ला नव्हे. म्हणून रूपिमे नुसती सुटी करून भागत नाही. ती कोणत्या क्रमाने जडली हेही पाहावे लागते. शब्दामागचा वाद एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनचा आहे. आयर्लंडमधील अँग्लिकन चर्चची अधिकृत मान्यता १८६९च्या कायद्यानुसार १८७१मध्ये संपली, वेल्समधील १९२०मध्ये.

उच्चारात मात्र बारा अवयव होतात : ॲन-टि-डिस-एस-टॅब-लिश-मेन-टे-रि-अ-नि-झम. ‘मेंट’मधला ट अर्थाने मागचा, पण बोलताना तो पुढच्या स्वराला जाऊन मिळतो. शेवटी रोमन लिपीत एस आणि एम यांच्यामध्ये स्वर नाही, तरी जीभ तो घालतेच. देवनागरीतल्या ‘झम’मध्ये तो आपोआप उमटतो. ‘ब्लि’ हे जोडाक्षर पाहून मराठी वाचक ‘टॅ-ब्लिश’ असा छेद देतो. इंग्रजीत टॅमधला ऱ्हस्व आघातयुक्त स्वर व्यंजनाने बंद व्हावा लागतो, म्हणून ब मागे राहतो. वृत्तात जोडाक्षरापूर्वीचे अक्षर आपण गुरू मानतो, तेही पहिले व्यंजन असे मागे राहते म्हणूनच.

‘हेलिकॉप्टर’मध्ये तर मूळ ग्रीक घटक ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ (पंख) असे आहेत. पण इंग्रजी अवयवाची सुरुवात ‘प्ट’ने होत नसल्याने ‘कॉप-टर’ असा छेद पडतो.

छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडतानाही हाच पेच येतो. ‘नॉलेज’ तोडताना ब्रिटिश परंपरा ‘नो’चे रूप अखंड ठेवते, अमेरिकन परंपरा उच्चाराला धरून एल मागे ओढते. फ्रँक लियांग यांनी १९८३मध्ये स्टॅनफर्डच्या प्रबंधात मांडलेली आणि ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीत वापरली जाणारी पद्धत अर्थही पाहत नाही, उच्चारही ऐकत नाही. कोशातील तोडलेल्या शब्दांवरून काढलेल्या अक्षरक्रमांच्या नमुन्यांवर ती चालते.