बहु-ग्राफिक्स कार्ड गेमिंग संगणक

एकाच संगणकात दोन किंवा अधिक ग्राफिक्स कार्डे बसवून गेममधील चित्रे तयार करण्याचे काम त्यांच्यात वाटून देण्याच्या रचनेस बहु-ग्राफिक्स कार्ड रचना म्हणतात. एनव्हिडियाची एसएलआय व एएमडीची क्रॉसफायर ही तिची प्रमुख रूपे होत. गेमिंगच्या क्षेत्रातून ही रचना आता जवळजवळ लोप पावली आहे.

== इतिहास ==
थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू२ (१९९८) या कार्डाने ही कल्पना रूढ केली. जोडीतील एक कार्ड पडद्यावरील सम क्रमांकाच्या ओळी रेखाटी, तर दुसरे विषम क्रमांकाच्या. एका कार्डावर ८००×६०० पर्यंत मर्यादित असणारे चित्र जोडीमुळे १०२४×७६८ पर्यंत जाई. पुढे थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाकडे गेली आणि २००४ मध्ये तिने एसएलआय हेच लघुनाम नव्या तंत्रासाठी वापरले. २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर आणले. २००६ मध्ये एटीआय कंपनी एएमडीने विकत घेतली.

== लाभ ==
त्या त्या काळातील सर्वांत वेगवान एकेरी कार्डाच्याही पुढे जाता येणे हा या रचनेचा खरा लाभ होय. आज एक कार्ड घेऊन पुढे भाव उतरल्यावर तशाच दुसऱ्या कार्डाची भर घालण्याची सोयही अनेकांना आकर्षक वाटे.

== मर्यादा ==
दोन कार्डे म्हणजे दुप्पट वेग, हा समज क्वचितच खरा ठरला. स्मृतीची तर बेरीजच होत नसे: दोन्ही कार्डांत तीच माहिती साठवावी लागत असल्याने ४ जीबीची दोन कार्डे गेमसाठी ४ जीबीचीच राहत.

सर्वाधिक प्रचलित पद्धतीत कार्डे आळीपाळीने एकेक पूर्ण फ्रेम काढत. त्यामुळे सूक्ष्म अडखळण उद्भवे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये सरासरी १६.७ मिलिसेकंदांचे अंतर. परंतु हे अंतर आलटून पालटून ५ आणि २८ मिलिसेकंद असले, तरी सरासरी जवळपास तीच येते. आकडा उत्तम दिसतो, डोळ्यांना मात्र धक्के जाणवतात. केवळ सरासरी मोजणाऱ्या चाचण्यांत हा दोष दडून राही. २०१३ च्या सुमारास प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजला जाऊ लागल्यावर तो ठळकपणे पुढे आला व त्याच वर्षी एएमडीने फ्रेममधील अंतर सारखे राखणारा ड्रायव्हर दिला.

याखेरीज उष्णता, आवाज व वीजखर्च वाढे. आरटीएक्स ३०९० हे एकच कार्ड सुमारे ३५० वॅट वीज घेते.

== ऱ्हास ==
नव्या गेममध्ये चित्राच्या कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेमची माहिती वापरली जाऊ लागली. ती दुसऱ्या कार्डाकडून मागवावी लागल्याने आळीपाळीचा लाभच घटला. डायरेक्टएक्स १२ (२०१५) ने कामाच्या वाटपाची जबाबदारी गेम तयार करणाऱ्यांकडे सोपवली. जोडकार्डे वापरणारे ग्राहक थोडे असल्याने फार कमी जणांनी ती उचलली. ‘ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ हा त्यातील ठळक अपवाद. २०२१ च्या आरंभापासून एनव्हिडियाने आरटीएक्स २० व त्यापूर्वीच्या कार्डांसाठी ड्रायव्हरमध्ये नव्या एसएलआय प्रोफाइलची भर घालणे थांबवले. २०२२ च्या आरटीएक्स ४० मालिकेत तर जोडणीची खाचही उरली नाही.

त्रिमितीय ॲनिमेशन व यंत्र-शिक्षण या कामांत मात्र अनेक कार्डे आजही एकत्र वापरली जातात.