सात मिलिमीटर मौझर काडतूस : नांवें, गुण व आख्यायिका

१. शस्त्रांच्या इतिहासांत तरवार, कट्यार व तोफ यांविषयीं अभ्यासकांची जितकी आस्था दिसते, तितकी काडतुसाविषयीं दिसत नाहीं. काडतूस ही उडवून टाकण्याची वस्तु; बार झाला कीं पुंगळी मातींत पडावयाची, तिचा इतिहास तो काय लिहावयाचा, असा सामान्य समज आहे. परंतु जुनी रायफल संग्राहकाच्या हातीं येते, तेव्हां तिचा काळ व तिचें प्रयोजन ठरविण्याच्या कामीं नळीवरील ठसा व काडतुसाचें माप यांच्याइतका निःपक्षपाती साक्षी दुसरा सांपडत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशाच एका काडतुसाचा विचार करावयाचा आहे. तें सैन्यासाठीं जन्मास आलें. पण शिकाऱ्यांनीं तें आपलेंसें केलें, आणि हरिणापासून हत्तीपर्यंत सर्व जनावरांस तें पुरें पडतें अशी त्याची ख्याति झाली. ही ख्याति कोणत्या पुराव्यावर उभी आहे व तींत आख्यायिकेची भर किती, हें तपासून पाहणें हा या लेखाचा हेतु होय.

२. उत्पत्ति.—या काडतुसाचा कर्ता पॉल मौझर (१८३८–१९१४) हा जर्मनींतील नेकार नदीकांठच्या ओबर्नडॉर्फ गांवचा बंदूककार. इ. स. १८८४ त फ्रान्समध्यें निर्धूर दारूचा शोध लागला, व त्यानंतरच्या आठदहा वर्षांत युरोपांतील प्रत्येक राष्ट्रास आपलें जुनें शस्त्रागार मोडींत काढून नवें उभें करावें लागलें. काळ्या दारूच्या काळांत जड शिशाची जाड गोळी मंद वेगानें जात असे; निर्धूर दारूनें बारीक, लांब व धातूच्या कवचाची गोळी दुप्पट अंतरावर नेमकी पोंचूं लागली. जर्मन सैन्यानें १८८८ त आठ मिलिमीटरचें काडतूस घेतलें होतें. त्याच्याच ५७ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीचें तोंड आणखी आवळून मौझरनें १८९२ त सात मिलिमीटरचें काडतूस सिद्ध केलें. स्पेननें तें त्याच सुमारास स्वीकारलें, आणि १८९३ च्या नमुन्याच्या स्पॅनिश मौझर रायफलीबरोबर तें जगभर गेलें. मूळची गोळी गोल तोंडाची, ११·२ ग्रॅम म्हणजे १७३ ग्रेन वजनाची असून तिचा वेग दर सेकंदास सुमारें ७०० मीटर, म्हणजे २,३०० फुटांच्या घरांत होता. त्या वेळच्या इंग्रजी ·३०३ काडतुसाची २१५ ग्रेनची गोळी सुमारें २,००० फूट वेगानें जात असे, हें ध्यानांत घेतलें असतां उभयतांतील अंतर कळून येईल.

३. नांवांचा घोळ.—जुन्या कागदांवर काम करणाऱ्यांस एकच दिवस कोठें शकांत, कोठें सुहूर सनांत व कोठें फसलींत लिहिलेला आढळतो. तिहींची जंत्री जुळविल्यावांचून तो एकच दिवस आहे हें उमगत नाहीं. या काडतुसाची गत तशीच आहे. युरोपांत त्यास ‘७×५७’ म्हणतात : सात हा नळीचा व्यास व सत्तावन ही पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरांत. अमेरिकेंत तें ‘सात मिलिमीटर मौझर’ या नांवानें चाललें. इंग्लंडांतील बंदूककारांस इंचाची संवय. सात मिलिमीटर म्हणजे ०·२७५६ इंच, म्हणून लंडनच्या जॉन रिग्बी आणि कंपनीनें त्याचें नांव ‘·२७५’ ठेविलें. ही पेढी मौझरच्या रायफलींची इंग्लंडांतील मुखत्यार होती. पुढें १९०७ च्या सुमारास तिनें १४० ग्रेनची टोंकदार व अधिक वेगवान गोळी याच पुंगळींत भरून ‘·२७५ रिग्बी’ हें नांव रूढ केलें. नांव नवें, गोळी नवी. पुंगळी मात्र तीच.

येथें संग्राहकानें दोन ठिकाणीं सावध असावें. पहिलें असें कीं, गोळीचा प्रत्यक्ष व्यास ०·२८४ इंच भरतो. कारण गोळी आट्यांच्या तळापर्यंत भरून जाते, व ०·२७५ हें माप आट्यांच्या माथ्यामाथ्यांमधील आहे. म्हणून मापन करतांना दोन निराळे आंकडे आले तरी काडतुसें दोन आहेत असें समजूं नये. दुसरें याच्या उलट : हॉलंड आणि हॉलंड या पेढीचें ‘·२७५ मॅग्नम’ हें बुडाशीं पट्टा असलेलें काडतूस सर्वस्वी भिन्न आहे, नांवांतील आंकडा तोच असला तरी एकाच्या नळींत दुसरें चालत नाहीं. तसेंच ‘७×५७ आर’ हें त्याचें कांठाचें भावंड मोडून भरावयाच्या बंदुकींसाठीं केलेलें आहे. केवळ ‘·२७५’ एवढीच नोंद असलेली जुनी यादी म्हणूनच अपुरी समजावी, आणि पेढीचें नांव मिळाल्याशिवाय तीवरून निर्णय देऊं नये.

४. रणांगणावरील साक्ष.—या काडतुसाचा पहिला बोलबाला युद्धांत झाला. ता. १ जुलै १८९८ रोजीं क्यूबांतील सान हुआन टेंकडीवर संख्येनें पुष्कळच कमी असलेल्या स्पॅनिश शिबंदीनें अमेरिकन सैन्यास मोठी झळ पोंचविली. त्या दिवसाच्या लढायांत एक हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक ठार वा जखमी झाले. अमेरिकन स्वयंसेवक पथकांपैकीं कित्येकांजवळ काळ्या दारूच्या बंदुका होत्या. त्यांच्या धुरानें त्यांचीच जागा उघडी पडे, आणि मौझर मात्र अदृश्य राही. पुढच्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंत बोअर लोकांनीं तोच अनुभव इंग्रजांस आणून दिला. डिसेंबर १८९९ मधील स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन व कोलेन्सो येथील लागोपाठच्या तीन पराभवांस इंग्रजांनीं ‘काळा आठवडा’ हें नांव दिलें.

या दोन युद्धांचें श्रेय काडतुसास किती द्यावयाचें, हा प्रश्न विचारणें अवश्य आहे. स्पॅनिश शिबंदी खंदकांत होती व बोअर हे लहानपणापासून शिकारींत वाढलेले नेमबाज होते. शिवाय मौझर रायफलींत पांच काडतुसांची पट्टी एका दमांत भरतां येई. इंग्रजांच्या त्या वेळच्या रायफलींत तीं एकेक घालावीं लागत. म्हणजे खंदक, सराव, रायफलीची रचना व काडतूस अशीं चार कारणें एकवटलीं. तथापि पराभूत पक्षानें जें केलें तें बोलकें आहे. अमेरिकेनें आपली १९०३ ची रायफल मौझरच्या धर्तीवर बांधली व त्याबद्दल मौझर कंपनीस स्वामित्वधन भरलें. इंग्रजांनीं ·२७६ च्या नव्या काडतुसाचे प्रयोग आरंभिले व ते महायुद्धामुळें सोडून दिले. शत्रूची स्तुति शब्दांनीं होत नसते. ती अनुकरणानें होते, आणि इतिहासांत अशाच साक्षीस अधिक मोल असतें.

५. शिकारींतील गुण.—शिकाऱ्यांस हें काडतूस कां मानवलें, याचीं कारणें रचनेंतच आहेत. १७३ ग्रेनची गोळी व्यासाच्या सुमारें चौपट लांब असते. अशी लांब व बारीक गोळी एकदां शरीरांत शिरली म्हणजे वजनाच्या मानानें तिला अडथळा कमी होतो व ती सरळ खोलवर जाते. एवढी लांब गोळी हवेंत डगमगूं नये म्हणून मौझरनें नळींतील आट्यांस जलद पीळ दिला : सुमारें २२० मिलिमीटरांत एक पूर्ण वेढा. पुंगळीस कांठ नसल्यानें काडतुसें मॅगेझीनमध्यें एकमेकांस न अडकतां चढतात. दारूचा भार बेताचा असल्यानें नळींतील दाब माफक व खांद्यास बसणारा धक्का सौम्य. धक्का सौम्य असला म्हणजे नेम धरतांना शिकारी डोळा मिटत नाहीं. हा लाभ कोष्टकांत दिसत नाहीं, पण लक्ष्यावर दिसतो.

तुलनेसाठीं त्याच रिग्बी पेढीनें १८९८ त काढलेलें ·४५० चें मोठें काडतूस घ्यावें. त्याची ४८० ग्रेनची गोळी २,१५० फूट वेगानें जाई. तिचा जोर हिशेबानें ४,९०० फूट-पौंडांवर जातो, तर सात मिलिमीटरचा २,००० च्या आसपास भरतो. एकाच दुकानांत दोन्ही मिळत असत. तेव्हां ‘सर्वोपयोगी’ या विशेषणाची मर्यादा विकणाऱ्यांसही ठाऊक होती. काळवीट, चितळ, सांबर, रानडुक्कर, अस्वल व बिबळ्या यांस सात मिलिमीटर पुरेसें. गवा, रानरेडा किंवा चालून येणारा हत्ती यांस तें पुरेसें नव्हे, असा निवाडा द्यावा लागतो.

हिंदुस्थानांत त्याच्या प्रसारास आणखी एक कारण झालें, तें राजकीय होय. सरकारी फौजेचीं काडतुसें बंडखोरांच्या हातीं पडूं नयेत म्हणून ·३०३ ची रायफल खाजगी माणसास मना होती, व १९०७ त ·४५० वरही बंदी आली. परिणामीं शिकाऱ्यांस सैन्यांत नसलेल्या मापांकडे वळावें लागलें. जड रायफलींत ·४७० व ·४६५ हीं मापें त्यामुळेंच निघालीं. हलक्या रायफलींत ·२७५ ला वाव मिळाला. मूळच्या आठ मिलिमीटर मानलिखर काडतुसास ·३१५ हें नांव मिळून तें या देशांत रुजलें, तेंही याच बंदीच्या छायेंत.

६. बेलची साक्ष.—हत्तीसही हें काडतूस पुरतें या ख्यातीचा उगम मुख्यतः एका माणसाशीं पोंचतो. वॉल्टर बेल (१८८०–१९५४) या स्कॉटिश शिकाऱ्यानें आफ्रिकेंत हजारावर हत्ती मारले, व त्यांतील बहुसंख्य रिग्बीच्या सात मिलिमीटर रायफलीनें. त्याचा १९२३ चा ग्रंथ या बाबतींत आधारभूत मानला जातो. साक्षीदार खोटा नाहीं. पण ती साक्ष कशाची, हें नीट वाचलें पाहिजे. बेलनें हत्तीचें मस्तक करवतीनें उभें कापून मेंदू कोठें असतो हें पाहिलें, त्याच्या आकृति काढल्या, आणि कोणत्या कोनांतून गोळी तेथवर पोंचेल याचा अभ्यास केला. तो पूर्ण कवचाची, न फुटणारी गोळीच वापरी. म्हणजे त्याच्या यशांत गोळीची सरळ व खोल गति हा काडतुसाचा गुण, व ती कोठें घालावी हें ज्ञान त्याचें स्वतःचें. ज्यांनीं पहिला भाग घेतला व दुसरा सोडला, त्यांच्या हातून जनावरें घायाळ होऊन गेलीं असतील. अशांनीं ग्रंथ लिहिले नाहींत. यशस्वी माणसाचीच बखर उरते, हा नियम येथेंही लागू आहे.

७. कॉर्बेटची रायफल.—आपल्या देशांत या काडतुसाचें नांव जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांच्याशीं जोडलेलें आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण, जिच्या बळींची संख्या ४३६ सांगतात, ती कॉर्बेटनीं १९०७ त रिग्बीच्या ·२७५ नें मारली असें पुष्कळदां ऐकूं येतें. हें चूक आहे. कॉर्बेटनीं १९४४ च्या आपल्या ग्रंथांत स्वतःच सांगितलें आहे कीं त्या वेळीं हातीं ·५०० ची रायफल होती, तिचीं तीन काडतुसें संपलीं, आणि शेवटचा बार तहसीलदाराच्या जुन्या बंदुकीनें झाला. ·२७५ ची रायफल ही त्या कामगिरीचें साधन नसून बक्षीस होय : संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनीं ती त्यांस दिली, व तसा मजकूर कोरलेला रुप्याचा पत्रा तिच्या दस्त्यावर आहे. ग्रंथ व कोरीव लेख हे दोन स्वतंत्र पुरावे येथें एकमेकांस दुजोरा देतात. आख्यायिकेनें मात्र बक्षिसासच हत्यार बनविलें. त्या रायफलीचा खरा पराक्रम १९२६ चा : सव्वाशें माणसें खाणारा रुद्रप्रयागचा बिबळ्या तिनें पडला. मोठ्या वाघांच्या मागावर जातांना कॉर्बेट बहुधा ·४५०/४०० ची दुनळी घेत असत, हेंही विसरतां येत नाहीं. ही रायफल पुढें त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाकडे गेली. २०१५ त ती रिग्बी कंपनीनें परत मिळविली.

याच प्रकरणांत काडतुसाच्या गुणदोषांचें खरें मोल दडलेलें आहे. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे जुन्या गोळीनें मोडलेले कॉर्बेटनीं पाहिले, आणि नैसर्गिक भक्ष्य मारणें अशक्य झाल्यानेंच ती माणसांकडे वळली असें त्यांनीं नमूद केलें. कोणा एकाची चुकलेली गोळी, आणि तिचें प्रायश्चित्त नेपाळ व कुमाऊंमधील शेंकडों गरीब माणसांनीं दिलें. म्हणून अमुक काडतूस पुरेसें कीं अपुरें, हा वाद केवळ हौशी लोकांच्या बैठकीचा नव्हता. गवत कापावयास रानांत जाणाऱ्या बायकांच्या जिवाशीं तो बांधलेला होता.

८. सारांश.—सात मिलिमीटर मौझरचा मुख्य गुण बळ हा नव्हे, नेमकेपणा हा होय. त्यास ‘सर्वोपयोगी’ म्हणावयाचें तें जाणत्या हाताच्या अटीवर. त्याच्या पुंगळीवरून पुढें अमेरिकेंत १९३४ चें ·२५७ रॉबर्ट्ससारखीं काडतुसें निघालीं, आणि तें स्वतःही शतकाहून अधिक काळ टिकून आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतांत शिकारीचें युग सरलें. आतां या रायफली इतिहाससाधनें म्हणूनच पाहावयाच्या आहेत. ज्यांच्या संग्रहीं अशी रायफल असेल त्यांनीं नळीवरील ठसे, पेढीचा अनुक्रमांक व दस्त्यावरील लेख जसेच्या तसे उतरून ठेवावे, पुंगळीच्या बुडावरील अक्षरें त्यांशीं ताडून पाहावीं, आणि घराण्यांत चालत आलेली हकीकत निराळ्या रकान्यांत लिहावी. दोहोंचा मेळ बसला तर उत्तम. न बसला तर ठशास प्रमाण मानावें.