सुपरकॉम्प्युटरची परिषद: ‘हायपीसी’ला आपल्या पोरांनी का जावं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे ‘हायपीसी’चा विषय काढा, ‘ते आयआयटीवाल्यांचं’ असं म्हणून मोकळे होतात. हा समज त्यांनाच महाग पडतो.

हायपीसी ही हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगवरची आंतरराष्ट्रीय परिषद, डिसेंबरात भरणारी. हजारो प्रोसेसर एकाच कामाला कसे जुंपायचे, हा तिचा विषय. २००७, २०१०, २०१४ आणि २०२३ साली ती गोव्यात झाली, २०१२ ला पुण्यात, २०१६ आणि २०१९ ला हैदराबादेत. बेळगावच्या मुलाला चोर्ला घाट उतरला की गोवा! याच विषयाची सर्वांत मोठी परिषद अमेरिकेत नोव्हेंबरात असते; तिथला व्हिसा, विमान आणि मुक्कामाचा खर्च बघता आपल्याला हीच परवडणारी.

पण पेपर इंटरनेटवर वाचता येतात, मग जायचं कशाला? एक उदाहरण घ्या. कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर प्रोसेसर हजार लावा की लाख, वेग २० पटींच्या वर जात नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेलं हे गणित पुस्तकात मिळतं. मात्र आपल्या प्रोग्रॅममधले ते ५ टक्के नेमके कुठे दडलेत, ते शोधताना कोणते उपाय फसले, हे पेपरात क्वचितच येतं. तिथे शेवटी जमलेला आलेख असतो. फसलेलं सगळं चहाच्या रांगेत कळतं, तेही ज्यानं केलं त्याच्याच तोंडून.

दुसरं कारण पोस्टरचं. विद्यार्थ्यांसाठी तिथे वेगळं संशोधन सत्र असतं. अर्धवट कामावरही जाणकार माणूस पोस्टरपुढे उभा राहून प्रश्न विचारतो. कॉलेजच्या व्हायव्हात असं किती वेळा होतं?

नोकरीचं म्हणाल, तर या क्षेत्राचं मोठं ठाणं पुण्यातच आहे. अमेरिकेनं क्रे सुपरकॉम्प्युटर नाकारल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याचे प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातले, एम.ई. बडोद्याचे. हवामानासाठीचे ‘प्रत्युष’ आणि २०२४ चा ‘अर्क’ पुण्याच्या आयआयटीएममध्येच आहेत. मॉन्सूनचा अंदाज अशाच मशीनवर निघतो, म्हणजे आपल्या शेताचा थेट संबंध. ही मशीन चालवायला माणसं लागतात, आणि कॅम्पस मुलाखतीत ती सहसा भेटत नाहीत.

नुसत्या सर्टिफिकेटसाठी जायचं असेल तर पैसे वाचवा. जाणाऱ्यांनी आधी कार्यक्रमपत्रिका बघून तीन पेपर वाचून ठेवावेत, प्रत्येकी एक प्रश्न लिहून न्यावा. विद्यार्थ्यांचं नोंदणी शुल्क कमी असतं. पोस्टर पाठवायची मुदत मात्र परिषदेच्या बरीच आधी संपते, तेव्हा दिवाळीची वाट बघू नका. पावसाळ्यातच चौकशी करा.